राजाच्या मुठीतले मनगट

एका राज्यात सात टेकड्या होत्या, सात टेकड्यांवर सात देवळे होती आणि मधल्या चौकात बारा ताम्रपट उभे होते. पटांवर कोरले तोच कायदा. राजा वेतुरियससुद्धा त्यांच्यासमोरून जाताना मुकुट उतरवी. न्यायासनापुढे पटावरचा शब्द जसाच्या तसा उच्चारावा लागे. एक शब्द चुकला, की दावा बुडालाच.

तसा तो जादूगार कास्कसचा बुडाला. शेजाऱ्याने त्याचा द्राक्षमळा तोडला, म्हणून तो राजापुढे येऊन म्हणाला, माझे वेल तोडले. पटावर शब्द होता 'झाडे'. वेल म्हणजे झाड नव्हे, असे सांगून राजाने दावा फेटाळला आणि दरबार खो खो हसला. राजाही हसला, ते कशाला लपवा? कास्कस मुकाट्याने चौकात गेला आणि सातव्या पटावर त्याने तळहात फिरवला. एक शब्द पुसला गेला, पटावरून आणि सगळ्यांच्या जिभेवरूनही. मग तो डोंगरात निघून गेला.

तो शब्द कोणता, हे मलाही अजून सांगता येत नाही; शाप गोष्ट सांगणाऱ्यालाही लागू आहे. त्याचे काम तेवढे सांगतो. त्या राज्यात गुलामाचे गुलामपण संपवायचे, तर धनी राजापुढे त्याचे मनगट धरी, त्याच्या डोक्याला वेताची छडी टेकवली जाई, धनी एक वाक्य म्हणे, त्याला जागच्या जागी एकदा फिरवी आणि हात सोडून देई. मग त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी चढे. गेलेला शब्द त्या वाक्यातला होता.

राजाच्या पदरी ताम्रपट घासणारी एक गुलाम बाई होती. चौकाला आग लागली तेव्हा बाराही पट तिने एकटीने ओढून वाचवले होते, आणि तिचे गुलामपण संपवीन, असे वचन राजाने भर चौकात दिले होते. आता तिला नववा महिना लागला होता. आई गुलाम तर मूल गुलाम, असे नवव्या पटावर लिहिलेले. बाळंतपणाआधी ते वाक्य उच्चारले गेले नाही, तर पोर जन्मतःच कुणाच्या तरी मालकीचे होणार होते. त्या धास्तीने तिला अन्न गोड लागत नव्हते.

ठरल्या दिवशी राजाने तिचे मनगट धरले, छडी टेकवली आणि वाक्य सुरू केले. अर्ध्यावर त्याला शब्दच सापडेना. त्याच अर्थाचे दुसरे तीन शब्द त्याने वापरून पाहिले; कायद्याला ते चालले नाहीत. खजील होऊन तो हात काढू लागला, तर हात निघेना. तेल चोळले, पाणी ओतले, मूठ काही उघडेना. आता राजा जाईल तिथे बाई आणि बाई जाईल तिथे राजा.

शकुन पाहण्यासाठी देवळात पवित्र कोंबड्या पाळलेल्या होत्या. त्यांतली सर्वांत म्हातारी कोंबडी दाणे टिपता टिपता म्हणाली, "शब्द कास्कसच्या सोन्याच्या रांजणात आहे. रांजणाला हात लावणारा मुका होतो, तेव्हा शब्द त्याच्याकडून मागूनच घ्यावा लागेल. वाटेत तीन दारे आहेत. बाईचे दिवस भरलेत, रेंगाळू नका."

दोघे निघाली. पहिले दार म्हणाले, जड असेल ते खाली ठेव. राजाने शिदोरी ठेवली, मुकुट ठेवला, दार ढिम्म. शेवटी त्याने खांद्यावरची छड्यांची मोळी आणि तिच्यात खोचलेली कुऱ्हाड खाली ठेवली. त्याच्या सत्तेची खूण तीच होती. दार उघडले.

दुसरे दार म्हणाले, जिचा हात धरला आहेस तिचे नाव सांग. राजाला ते ठाऊक नव्हते. बारा वर्षे ती त्याच्या डोळ्यांसमोर पट घासत होती. त्याने मान खाली घालून तिलाच विचारले.

"मिर्टाली," ती म्हणाली. "आपण विचारलेत, महाराज, ते बरे झाले."

ते दारही उघडले. तिसरे उघडेच होते; आत कास्कस रांजणापाशी बसला होता. माझा दावा पुन्हा ऐक आणि मला जिंकव, मग शब्द घेऊन जा, असे त्याने सुनावले. राजाने मिर्टालीकडे पाहिले. तिच्या कपाळावर घाम होता; कळा सुरू झाल्या होत्या.

"तिच्यासाठी आज कायदा वाकवला, तर उद्या माझ्या लहरीसाठीही वाकवीन," राजा जड आवाजात म्हणाला. "वेल म्हणजे झाड नव्हे."

कास्कसने रांजणावर झाकण ठेवले. तेव्हा मिर्टालीने दाताखाली ओठ धरून त्याला विचारले, "तुमचे वेल कशावर चढवले होते?"

"अंजिराच्या झाडांवर."

"ती झाडे राहिली का?"

"आधी तीच तोडली. वेल त्यांच्याबरोबर पडले."

"मग तसे म्हणा. तो पट मी रोज घासते. त्यावर झाडे एवढेच आहे. ती कशासाठी लावली, हे विचारलेले नाही."

कास्कस उठून म्हणाला, "माझी झाडे तोडली." राजाने दावा मान्य केला, मळा शेजाऱ्याने पुन्हा लावून द्यावा, असा हुकूम दिला. हा प्रश्न त्या दिवशी आपणच विचारायला हवा होता, आपण हसत बसलो, हेही त्याने कबूल केले. झाकण आपोआप उघडले आणि शब्द येऊन राजाच्या जिभेवर बसला.

छडी मात्र पहिल्या दारापाशी होती. राजाने एका बाजूने आणि कास्कसने दुसऱ्या बाजूने मिर्टालीला आधार देत खाली उतरवले. राजाने मोळीतून एक छडी उपसली, तिच्या डोक्याला टेकवली आणि म्हणाला, "ही मिर्टाली मोकळी असावी, अशी माझी इच्छा आहे." त्याने तिला हलकेच फिरवले. मूठ उघडली. मिर्टाली रडली आणि राजाचेही डोळे भरून आले.

मुलगी झाली ती त्यानंतर घटकाभराने. टोपी जवळ नव्हती, म्हणून कास्कसने स्वतःची काढून मिर्टालीच्या डोक्यावर घातली. चौकात सातव्या पटावर शब्द परत उमटला होता आणि खोळंबलेल्या गुलामांची रांग टेकडीपर्यंत गेली होती. निकालाआधी न्यायाधीशाने एक प्रश्न जास्त विचारावा, अशी ओळ राजाने बाराव्या पटावर कोरवून घेतली. पट घासायला मिर्टाली पुन्हा आली नाही. मुलीला घेऊन ती कधी चौकात येई ती फक्त वाचायला. तिच्या मनगटावर राजाच्या पाच बोटांचे वळ तेवढे राहिले होते.

इतके दिवस ही गोष्ट मी मुठीत धरून होतो. आता तीही मोकळी.