तांबडी आणि उकिरडा

फार पूर्वी समुद्राकाठी तांबडी नावाची एक कोंबडी होती. ती खारट सुकटीच्या भुग्यावर वाढलेली, त्यामुळे परसातल्या उकिरड्याकडे बघून चोच मुरडायची.

एका वर्षी मासळीच मिळेना. सुकट संपली. नुसत्या कोंड्यावर तांबडीच्या सहा पिल्लांना पिसं फुटेनात. धाकटं तर उभंही राहीना.

"तांबडे, लेकरांना इकडे घेऊन ये गं," उकिरडा म्हणाला. "माझ्याकडे अळ्या मुबलक आहेत."

"शी! तुझ्या घाणीतल्या?"

"घाण त्यांनी केव्हाच खाल्ली, बाई. फणसाचा चोथा, केळीच्या साली, सगळं फस्त! म्हणून तर एवढ्या गुबगुबीत झाल्यात."

तांबडीने धाकट्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून ती उकिरड्यावर चढली. कुणी न शिकवताच तिचा पाय उकरू लागला. पहिली अळी तिने स्वतः गिळली. थोडा वेळ थांबून पिल्लांना हाक मारली.

पंधरवड्यात सहाही पिल्लं पिसांनी भरली. धाकटं आता सगळ्यांच्या पुढे पळतं.

"काय तांबडे, कशा लागतात अळ्या?" उकिरडा रोज विचारतो.

"मीठ कमी आहे," तांबडी म्हणते आणि दुसऱ्या पायाने उकरायला लागते.