धुळबा आणि गावाची तान्ही गिरणी

एका गावात एक भोळा राखणदार होता. नाव धुळबा. सांगितलं तेवढं करायचा. कमी नाही, जास्त नाही. लोक त्याला हसायचे. तुम्ही इतक्यात हसू नका, पुढे जागा आहे.

गावात भुईमूग उदंड पिकायचा. तेल मात्र गावात निघत नव्हतं. शेंगा गाड्या भरून तालुक्याला रतनशेठच्या गिरणीत जायच्या. त्याच शेंगांचं तेल डब्यांत बसून परत यायचं. शेठ म्हणेल तो भाव.

सरपंच होते हैबतराव. सगळे त्यांना आण्णा म्हणत. त्यांनी पारावर गाव जमवलं.

"शेंग आपली, घाम आपला, आणि तेल त्याचं. हे बंद. गावाची गिरणी घालायची."

पंचायतीनं घरटी एक पोतं शेंग गोळा केली. जो देईना त्याच्या ओट्यावर पंच जाऊन बसले. दुसऱ्यांदा चहा सांगितला की तोही पोतं काढायचा. अशी गिरणी आली.

पहिलं तेल निघालं ते काळं. आणि शेठच्या तेलाहून महाग.

"यात तळलेली भजी नवऱ्यागत दिसतात," बायका म्हणाल्या.

तिकडे शेठनं आपलं तेल एकदम स्वस्त केलं. लोक चोरून तिकडून डबे आणू लागले. आण्णा शेठला ओळखून होते. गावाची गिरणी बंद पडेपर्यंतच ते तेल स्वस्त राहणार होतं. मग शेठ गावालाच घाण्यात घालणार होता. म्हणून त्यांनी धुळबाला वेशीवर उभं केलं.

"धुळबा, बाहेरच्या तेलाचा एक थेंब आत येता कामा नये. कळलं?"

"कळलं, आण्णा."

संध्याकाळी पहिला माणूस आला तो आण्णांचा जावई. दिवाळसणाला आला होता. नवा सदरा, डोक्याला तेल इतकं की कानामागून ओघळत होतं.

धुळबानं काठी आडवी धरली. "डोक्याचं तेल कुठलं?"

"आमच्या गावचं. का?"

"म्हणजे बाहेरचं."

त्यानं जावयाला विहिरीवर नेलं. राख आणली आणि डोकं घासलं, कढई घासतात तसं. मिशीलाही तेल होतं. मिशीही घासली. जावई सासरी पोचला तेव्हा केस उभे होते आणि मिशी एकाच बाजूला उरली होती.

आण्णांनी कपाळाला हात लावला. "अरे, जावई होता तो!"

"तुम्ही थेंब म्हणालात. ह्यांच्या डोक्यावर पळीभर होतं."

"गाढवा, सोयरिकीच्या रीती असतात. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा मी पीत नाही. नातू होईपर्यंत पिणार नाही. ती रीत. आणि जावई आला की अडवायचं नाही. पाय धुवायला पाणी द्यायचं, मानानं आत आणायचं. ही पण रीत. कळलं?"

"कळलं, आण्णा."

ही गोष्ट तालुक्यापर्यंत गेली. शेठ पोट धरून हसला. मग त्यानं डब्यांनी भरलेली गाडी जुंपली आणि गाडीवानाच्या डोक्यावर फेटा बांधला.

धुळबानं वेशीवर काठी धरली. "कोण?"

"जावई."

धुळबानं काठी बाजूला केली. पाय धुवायला पाणी दिलं. बैलांचेही धुतले, तेही सोबत आले होते. गाडीपुढे हलगी लावून डबे पारापर्यंत आणले. दिवस मावळायच्या आत गावानं सगळे डबे घेतले. पंचांनी दोन-दोन घेतले. गावाच्या गिरणीकडे कुणी फिरकलं नाही.

आण्णा धावत आले. "अरे, कुणाचा जावई?"

"ते विचारा असं तुम्ही सांगितलं नव्हतं."

आण्णांनी त्याला हाताला धरून गिरणीत नेलं. यंत्रावर हात ठेवला. 

"धुळबा, नीट ऐक. ही गिरणी म्हणजे आपल्या गावाची तान्ही लेक. शेठची गिरणी म्हणजे दांडगा पहिलवान. तान्ही पोर पहिलवानापुढे टिकेल का? मोठी होईपर्यंत हिला तळहातावर जपायची. वारं लागू द्यायचं नाही. हिच्यावर गाव उभं आहे. कळलं?"

"कळलं, आण्णा," धुळबा म्हणाला. त्याचे डोळे भरले.

दुसऱ्या दिवशी गिरणी चालवणारा बाबूमिस्त्री कामाला आला. गिरणीच्या खिडक्यांना गोधड्या लावलेल्या. यंत्राला टोपडं. चाकाला काजळाची तीट. दारात धुळबा बसलेला.

"सरक," मिस्त्री म्हणाला.

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय."

"कुणाचा?"

"लेकीचा."

मिस्त्रीनं शेंगदाण्याचं पोतं उचललं. धुळबानं ते धरून ठेवलं. "दाणे नको. दात कुठं आलेत? घशात अडकतील."

"मग काय घालू?"

"मी भरवलंय. मऊ भात."

मिस्त्री आत धावला. गिरणीच्या तोंडातून तूपमेतकूट घातलेला मऊ भात खाली गळत होता. वंगणाच्या भोकात गुटी उगाळून घातलेली. जायफळ जरा जास्तच. यंत्र खरंच झोपलं होतं. ते जागं करायला मिस्त्रीला आठवडा लागला.

आण्णा काठी घेऊनच आले. "जपायची म्हणजे उपाशी निजवायची नव्हे रे! दाणे खाऊ घालायचे, कामाला लावायची, मोठी करायची! कळलं?"

"कळलं, आण्णा."

या वेळी त्याला खरंच कळलं. तो भल्या पहाटे दारोदार फिरू लागला. "लेक जेवायची थांबलीय, शेंगा काढा!" ज्यानं दिल्या नाहीत त्याच्या दारात गळा काढून रडायचा. लोकांनी वैतागून शेंगा दिल्या. आता वेशीतून शेठचा डबा आत येत नव्हता, जावई म्हणूनही नाही. गिरणी फिरत राहिली. मिस्त्रीचा हात बसला. तेल काळ्याचं तांबूस झालं, तांबूसचं पिवळं झालं. पुढची दिवाळी आली तेव्हा ते शेठच्या तेलाच्या तोडीचं होतं. भावही उतरला.

"आता भजी धाकट्या दिरागत दिसतात," बायका म्हणाल्या.

आण्णांची छाती फुगली. पारावर उभे राहून ते म्हणाले, "गावकऱ्यांनो, लेक मोठी झाली! आता कुणाला भ्यायचं कारण नाही." आणि दुसरी गिरणी बघायला ते पुण्याला गेले.

तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं. रतनशेठ वेशीवर आला. हातात पेढे.

"धुळबा, तुमची लेक मोठी झाली म्हणतात."

"झाली. आण्णाच म्हणाले."

"मग वाढलेली लेक किती दिवस घरात ठेवणार? लोक काय म्हणतील?"

धुळबाला घाम फुटला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"स्थळ आहे का एखादं?"

"माझीच गिरणी आहे की. दांडगा पहिलवान. निर्व्यसनी."

चौथ्या दिवशी लग्न लागलं. शेठनं नवरदेव म्हणून आपल्या गिरणीचं मोठं चाक आणलं होतं, मुंडावळ्या बांधून. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. सगळं गाव आलं होतं. आण्णांनीच ठरवलं असणार, असं ज्याला त्याला वाटलं. विचारलं कुणीच नाही. जिलेबी होती. एकटा बाबूमिस्त्री ओरडत होता. पण तो मुलीकडचा, त्याला रडू येणारच, असं म्हणून लोकांनी त्याला जिलेबी भरवली.

धुळबानं लेकीची ओटी भरली. गिरणीत जमा झालेली नव्या सुगीची सगळी शेंग ओटीत घातली. यंत्र उपटून गाडीवर चढवलं. गाडी वेशीबाहेर पडली तसा तो हमसून रडला. "सांभाळा हो," शेठला म्हणाला. "रात्री किरकिरते. वंगण द्या."

आण्णा परतले. गिरणीच्या जागी चार खड्डे होते.

"धुळबा, गिरणी कुठाय?"

"सासरी."

आण्णा खड्ड्याच्या काठावर बसले.  गाव भोवती उभं होतं, खाली बघत. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "झालं ते झालं. घरात तेलाचा टिपूस नाही. आता शेठचंच घ्यायचं, दुसरं काय?"

सकाळी शेठची गाडी आलीच. भाव दुप्पट. तरी लोक भांडी घेऊन वेशीकडे पळाले. बघतात तर धुळबा गाडीपुढे हात पसरून उभा. त्यानं बैल वळवले आणि गाडी तालुक्याच्या वाटेला लावून दिली.

"अरे मेल्या!" आण्णा ओरडले. "अडवायचं तेव्हा अडवलं नाहीस, आता काय अडवतोस?"

"रीत आहे, आण्णा. तुम्हीच सांगितली. लेकीच्या घरचं पाणी आपण पीत नाही, मग तेल कसं खायचं?"

"मग गावानं खायचं काय?"

"कोरडी भाकरी," धुळबा म्हणाला. "थोडी कळ काढा. नातू झाला की घेऊ."