पाहुण्यांची घागर

एकदा एका राज्याच्या प्रधानाने मोठ्या नदीचा कालवा काढायचे ठरवले. पाणी वाईट असलेल्या गावांनाच तो मिळणार होता. पाण्याची पारख करण्याचे काम त्याने एका वृद्ध वैद्यावर सोपवले. वैद्याचे पाय थकले होते. त्याने आपल्या शिष्याला पुढे धाडले आणि सांगितले, "गावोगाव पाणी पिऊन बघ. शेवटच्या गावी मी तुला येऊन मिळतो."

शिष्य प्रामाणिक होता. उन्हातान्हातून तो राज्यभर हिंडला. जिथे जाई तिथे लोक त्याला ओसरीवर घोंगडी टाकून बसवत, हातावर गुळाचा खडा ठेवत आणि चिंचेने घासलेल्या लख्ख तांब्यातून पाणी देत. पाणी सगळीकडे गोड होते. प्रत्येक गावाहून तो प्रधानाला निरोप पाठवी, 'पाणी उत्तम. कालव्याची गरज नाही.' आपले राज्य किती भाग्यवान, असे त्याला मनापासून वाटू लागले.

शेवटचे गाव उजाड माळावर होते. ठरल्याप्रमाणे वैद्य तिथे आला. दोघे पाटलाच्या ओसरीवर बसले. गूळ आला, पाणी आले.

"घ्या बाबा," पाटील म्हणाला. "गाव गरीब आहे, पण इथनं कुणी तहानलेला गेला नाही."

वैद्याने तांब्या रिकामा केला आणि म्हणाला, "आणखी द्या."

दुसरा तांब्या आला. तोही संपला. "आणखी."

तिसऱ्या तांब्याला जमलेल्या लोकांतून कुणीतरी म्हणाले, "बाबा उंटावरनं आले का उंटच घेऊन आले पोटात?" सगळे हसले. दाराआडच्या बायकाही पदर तोंडावर घेऊन हसल्या. या गावच्या बायका किती मर्यादशील, असे शिष्याच्या मनात आले.

"आणखी," वैद्य म्हणाला.

आता पाटील हसेना. शिष्य शरमेने पुटपुटला, "गुरुजी, पुरे. लोक काय म्हणतील?"

"मला तहान आहे," वैद्य शांतपणे म्हणाला.

इतक्यात पाटलाची सून सगुणा लेकीला कडेवर घेऊन दारात आली आणि खाली बघून म्हणाली, "मामंजी, घागर संपली."



"मग तुम्ही पिता ते द्या," वैद्य म्हणाला.

"ते आमचं पाणी, बाबा. ते पाहुण्याला कसं द्यायचं?"

"तेच द्या."

पाणी आले. वैद्याने अर्धे प्यायले आणि उरलेले शिष्यापुढे केले. ते चुन्याच्या निवळीसारखे मचूळ होते. तहान भागली नाही, उलट जिभेवर कडवटपणा राहिला.

"आधीचं पाणी कुठलं?" वैद्याने विचारले.

पाटलाने नजर वळवली. सगुणाच बोलली. "टेकडीपल्याड झिरा हाय. वाटीवाटीनं भरावं लागतं. घराघराची पाळी असती. ती पाहुण्यांची घागर. तिला घरातलं कुणी शिवत नाही. ही लेक तापानं फणफणली होती, पाणी पाणी करत होती, तरी नाही शिवलो."

"सूनबाई, आत जा," पाटील म्हणाला.

ती गेली नाही. तिने तोंडावरचा पदर काढला. तिचे दात लोखंडाला गंज चढावा तसे तपकिरी होते. "हे या पाण्यानं. सासूबाई आत खाटेवर हायेत, त्यांचे गुडघे वळत नाहीत. तेही यानंच." मग तिने कडेवरच्या अडीच वर्षांच्या मुलीची हनुवटी धरली. "बकुळे, आ कर." मुलीचे दात तांदळासारखे शुभ्र होते. "दुधाचे समद्यांचेच पांढरे असत्यात, बाबा. मागनं येत्यात ते असे. त्याच्या आत कालवा येईल का?"

शिष्याने मान खाली घातली. वैद्य त्याला म्हणाला, "पहिल्या तांब्यावरून गावाचा स्वभाव कळतो. पाणी कळतं ते शेवटच्या तांब्यावरून. तू राज्यभर लोकांची माया पिऊन आलास. ती माया खरी होती, म्हणूनच तू फसलास. जे पाणी या घरात तापल्या लेकरालाही मिळत नाही, ते पिऊन तू या घराची तहान मोजणार होतास."

शिष्य तडक राजधानीला गेला. "माझी पारख चुकली," असे त्याने प्रधानाला सांगितले. प्रधान न्यायी होता. तो म्हणाला, "राज्यभर उत्तम म्हणालास, आता वाईट म्हणतोस. मी त्या गावी येतो आणि स्वतः पाणी पितो. मगच ठरवू."

प्रधान येण्याच्या आदल्या दिवशी शिष्याने गावी परत येऊन पाटलाला हात जोडले. "उद्या त्यांना तुमचंच पाणी द्या."

"राज्याचा प्रधान दारी येणार, आणि त्याच्या हातावर मचूळ पाणी ठेवू? चार गावांत तोंड कसं दाखवू?"

"आणि बकुळा?"

"माझी नात आहे ती," पाटील म्हणाला. "मला कळत नाही होय?" आणि तो आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी घोंगडी अंथरली गेली, गूळ आला, लख्ख तांब्या आला. झिऱ्यावरून पाणी आणायची पाळी सगुणाचीच होती. प्रधान प्यायला आणि उद्गारला, "वा! अमृत!"

"आणखी एक तांब्या घ्या," शिष्य कळवळून म्हणाला.

"अरे, तहान भागली."

"मग घरचं पाणी मागा. हे घरचं नव्हे."

प्रधानाने पाटलाकडे पाहिले. जमिनीकडे बघत पाटील म्हणाला, "हेच आमचं पाणी, सरकार."

सगुणा दारात उभी होती. तिने शिष्याकडे पाहिले, मग सासऱ्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले. सगळ्या गावादेखत त्यांचा शब्द खोटा पाडायला तिची जीभ रेटेना. तिने पदर तोंडावर ओढला.

कालवा राजधानीतल्या बागांकडे वळला. राज्यात कुठल्याच गावाला त्याची गरज निघाली नाही.

त्यानंतर शिष्य कुठल्याही गावी पहिल्या तांब्यावर बोलला नाही. पण त्याला पारखीला बोलावणारेही कुणी उरले नव्हते. बऱ्याच वर्षांनी त्या माळावरून जाताना तो पाटलाच्या ओसरीवर टेकला. एक चुणचुणीत मुलगी गूळ आणि तांब्या घेऊन आली.

"गूळ नको, बाळ," तो म्हणाला. "तुम्ही पिता ते पाणी आण."

असले मागणे तिने कधी ऐकले नव्हते. तिला हसू आले, आणि हसण्याआधी तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

शिष्याने ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.