शिंगवाल्यांचं घर

खाडीच्या तोंडावर, कड्याच्या टोकाला ते दगडी घर दिसतंय ना, ते मुळात घर नव्हतंच. भिंती बघा, हातभर जाड. खिडक्या सगळ्या समुद्राकडे, गावाकडे एकही नाही. तुम्ही म्हणाल, हे कसलं बांधकाम! अहो, ती टेहळणीची चौकी होती. तिचं घर झालं ते एका आईच्या हट्टापायी, असं सांगतात.

तानू भंडारी तिथला शिंगवाला. नजर घारीची म्हणे. लांबून नुसतं शीड बघून गलबत ओळखायचा. आपलं असलं तर शिंगाची एक लांब फुंक, म्हणजे या. परकं असलं तर तीन तुटक फुंका. त्या ऐकून गाव रानात पळायचं, आणि बाहेर असलेली आपली गलबतं समजायची की खाडीत शत्रू शिरलाय, आत जायचं नाही.

तानूचा थोरला लेक भिवा गलबतावर खलाशी होता. दोन वर्षं त्याचा काही पत्ता नव्हता. त्याची आई जिवी रोज चौकीवर भाकरी घेऊन जायची आणि नवऱ्याला एकच विचारायची, काही दिसलं का? एका दुपारी दिसलं. पण शीड तांबडं! आपल्या बंदरात तांबडं शीड कुणाचंच नव्हतं. जिवी म्हणाली, थांबा, जरा जवळ येऊ दे. पण थांबेल तो शिंगवाला कसला? तानूने तीन फुंका मारल्या. गलबत वळलं. गावाने त्या संध्याकाळी तानूला मानाचा नारळ दिला.

आठवड्याने पलीकडच्या बंदरातून एक खलाशी चालत आला, तापाने पार खंगलेला. त्याने सांगितलं, आमचं शीड वादळात फाटलं, म्हणून परमुलखात मिळालं ते चढवलं होतं. खाडी दिसताच भिवा नाचायला लागला होता. शिंग वाजलं तसा तोच गलबत हाकणाऱ्या तांडेलाला म्हणाला, "बापाशीन सांगल्यान, आत येव नको. फिरवा." या आजारी गड्याला पुढच्या बंदरात उतरवून गलबत दक्षिणेला गेलं. त्यानंतर ते कुणालाही दिसलं नाही.

तानूने पुन्हा शिंगाला तोंड लावलं नाही. जिवीने त्याला बोल लावला नाही. तिने गावातलं घर मोडलं, वासे-कौलं कड्यावर चढवली आणि चौकीत चूल मांडली. लोकांनी समजावलं, आता कसला येतोय तो. ती म्हणाली, "गेलो तसो येतलो तो. पण हाक मारूक कोणतरी व्हया." आणि तिनेच शिंग उचललं. ओठ फुटेस्तोवर शिकली. शीड कुठल्याही रंगाचं असो, तिची एकच लांब फुंक. भिवाची वाट बघत ती तिथेच म्हातारी झाली.

तिच्या धाकट्या लेकाचा वंश आजही त्या घरात राहतो. नवी सून आली की आधी शिंग फुंकायला शिकते, मग चुलीला हात लावते. ट्रॉलरवाल्यांना इंजिनाच्या आवाजात ते ऐकूही जात नाही. तरी ती फुंकते. आणि फुंकून झालं की लगेच आत जात नाही. बोट कुठे वळते ते बघत उभी राहते.