नऊ हात कापड

एकदा एका नदीच्या दोन काठांवर विणकरांची दोन राज्ये होती, आणि आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत शेवटी कुणाचे भले होत नाही. ज्यांना गोड शेवट हवा असेल त्यांनी इथेच थांबावे, मी रागावणार नाही.

पाणी तेच, कापूस तोच, माणसेही एकमेकांची सोयरीधायरी. चाळीस वर्षांपूर्वी दोन्ही काठांवर एक माग दिवसाला सहा हात कापड विणत असे. मग पैलतीरावर दर वर्षी सात-आठ बोटांची वाढ होत गेली. सात-आठ बोटे म्हणजे काय हो, कुणाच्या लक्षातही येत नाहीत. पण आज तिकडचा माग एकोणीस हात विणतो आणि ऐलतीरावरचा नऊ. ऐलतीरावरची तरणी माणसे नावेत बसून तिकडे मजुरीला जातात. पंडित म्हणतात, तिकडची हवा चांगली.

ऐलतीरावर लिंबाजी नावाचा विणकर राहत असे. त्याचा थोरला भाऊ येसाजी तापाने अशक्त झाला, पंधरा दिवस त्याचे सहा-सात हातच निघाले, रोज नऊ हात द्यायचा नेम चुकला आणि राजवाड्याच्या माणसांनी त्याचा माग उचलून नेला. आता तो पैलतीरावर दुसऱ्यांचे सूत धुतो. दर महिन्याला नावाड्याबरोबर त्याचा एकच निरोप येई, "लिंबा, आता येऊ का?"

भावाला परत आणायचे या एका ध्यासाने लिंबाजी तीन वर्षे झटला, आणि त्याने अशी युक्ती काढली की आडवे सूत वाहून नेणारा धोटा हाताने फेकायलाच नको. वर टांगलेली दोरी ओढली की एका लांबट पेटीच्या या टोकाकडून धोटा सुटे आणि त्या टोकाला जाऊन बसे. दसऱ्याच्या दिवशी, सोने वाटायच्या निमित्ताने, तो ती पेटी घेऊन आपल्या वस्तादांकडे गेला. वस्ताद म्हणजे गावातले सर्वांत जुने विणकर. अर्ध्या गावाला धोटा धरायला त्यांनीच शिकवले होते.

वस्तादांच्या मागावर पेटी बसवून लिंबाजीने घटकाभर विणून दाखवले. "वस्ताद, दिवसाला पंधरा हात! उद्या मोजणीला दाखवतो. गाव वर येईल, खूश होऊन दादाचा माग परत देतील, दादा घरी येईल."

वस्तादांचे डोळे भरून आले. ते उठले आणि लिंबाजीच्या चक्क पाया पडले. लिंबाजी "अहो, अहो, हे काय!" म्हणत मागे सरला, तोवर म्हाताऱ्याने पेटी सोडवली, दोरी तोडली आणि दोन्ही चुलीत घातली.

"वेड लागलंय का तुम्हाला?" लिंबाजी ओरडला. वस्तादांसमोर आवाज चढवायची त्याची ती पहिलीच वेळ. "तीन वर्षं घातलीत मी त्यात! तुम्हाला पाहवलं नाही होय?"

"बैस," वस्ताद म्हणाले. "पाया पडलो ते तुझ्या बुद्धीच्या. जाळलं ते उद्याच्या मोजणीच्या भीतीनं. मोजणीची रीत तुला ठाऊक आहे ना?"

रीत सर्वांना ठाऊक होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सारे माग एकदम चालत. सांजेला मोजणीदार येई. गावात ज्या मागावर सर्वांत जास्त कापड निघे, तेवढे पुढे प्रत्येक मागाने रोज द्यायचे. कमी पडेल त्याचा माग जप्त.

"पूर्वी नेम सहाचा होता," वस्ताद म्हणाले. "मग एका पोरानं फणी बदलली, मागाची बैठक बदलली आणि मोजणीला नऊ हात विणून दाखवले. त्याला शेला मिळाला. त्याला वाटलं, गावाचं भलं केलं आपण. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना नऊ. कापडाच्या बदल्यात ज्वारी मात्र सहाला मिळायची तेवढीच. शेजारच्या भिवाला नीट दिसत नसे. त्याचा माग नेला त्या दिवशी तो त्या पोराच्या दारात आला आणि हात जोडून म्हणाला, माझं काय चुकलं तेवढं सांग. नंतर तो नदीकडे गेला, तो परत आलाच नाही."

वस्तादांनी जळती पेटी चिमट्याने चुलीत आणखी आत सारली.

"तो पोरगा मी. येसाजीचा माग गेला ना, तो माझ्या नऊ हातांपायी गेला."

लिंबाजीने विचारले, "मग पैलतीरावर मोजत नाहीत का?"

"मोजतात की. पण ज्यानं जास्त विणलं त्याला विचारतात, बाबा, कसं केलंस? आणि दहा वर्षं वाढीव कापड त्याच्याच घरात राहतं. आपल्याकडे विचारतात, बाकीचे इतकं का देत नाहीत? हात दोन्हीकडे सारखेच आहेत रे. शहाणपण केलं की दुसऱ्या दिवशी काय होतं, तेवढाच काय तो फरक."

दुसऱ्या दिवशी लिंबाजी मागावर बसला. घरी अशीच आणखी एक पेटी होती, ती त्याने हट्टाने बसवली. दुपार कलायच्या आत नऊ हात झाले. हात दोरीवर होता. आणखी सहा हात सहज निघाले असते. समोरच्या घरात काशीआत्या कमरेला फडके बांधून विणत होती. तिचे नऊ हात कसेबसे दिवेलागणीला पुरे होत. लिंबाजीला भिवाचे जोडलेले हात आठवले. त्याने पेटी काढली आणि मागाच्या खड्ड्यात लपवली.

पण माग थांबला तर संशय येणार. म्हणून तो नुसताच पाय दाबत, फणी हलवत राहिला. सूत नसले की मागाचा आवाज पोकळ येतो, विणकराच्या कानाला तो लगेच कळतो. थोड्या वेळाने लिंबाजीचे पाय आपोआप मंदावले. डावीकडच्या घरातून तसाच पोकळ आवाज येत होता. त्याच्या पलीकडूनही. गल्लीच्या टोकापर्यंत किती तरी माग असेच रिकामे खडखडत होते, आणि सूर्य अजून डोक्यावरून जेमतेम ढळला होता.

सांजेला मोजणीदार आला. "नऊ. इथेही नऊ. अरे, इतक्या वर्षांत नवाच्या बोटभर तरी पुढे जा! या काठच्या लोकांच्या हाताला वेगच नाही."

"खरं आहे, सरकार," लिंबाजी म्हणाला.

तो गेल्यावर लिंबाजी वस्तादांच्या ओट्यावर जाऊन बसला. "वस्ताद, तुम्हाला माहीत होतं? किती घरं आहेत अशी?"

"मोजायचं सोडलं मी," वस्ताद म्हणाले. "दर वर्षी एक-दोन वाढतात. तुझ्यासारखेच पेटी नाही तर काहीबाही घेऊन येतात, आणि मी पाया पडतो."

महिना भरला तेव्हा नावाडी नेहमीचा निरोप घेऊन आला. लिंबाजीने त्याला पाणी दिले, भाकरी दिली, आणि म्हणाला, "दादाला म्हणावं, तिकडंच राहा."