दहा उड्यांची वाट

एका रानात एक ससा राहायचा, अन् त्याच्यासमोर, मोजून दहा उड्यांवर, करवंदीच्या जाळीत त्याची म्हातारी आई. मधे पायवाट, वर करंजांची सावली. रोज सकाळी हा जायचा, आईच्या कानातले गोचीड वेचायचा, चार गोष्टी बोलायचा.

एक दिवस त्याला वाटलं, पायांना कशाला त्रास? तो गव्याच्या पाठीवर बसला. गवा म्हणजे रानातला बैलच, अंगानं दुप्पट. मग काय पोरांनो, खारीला गवा पाहिजे, मुंगसाला गवा पाहिजे. कोल्ह्यानं तर दोन ठेवले, एक बसायला अन् एक दाखवायला. वाट पुरेना. "करंज आडवे येतात, पाडा," असं सगळ्यांच्या आधी कोण बोललं? आपला ससाच. करंज पडले. वाट नदीएवढी रुंद झाली, अन् तिच्यावर दिवसभर गव्यांचा लोंढा. पायी ओलांडायची कुणाची छाती होईना.

आता आईकडं जायचं तरी ससा गव्यावर बसायचा. लोंढा आडवा कापता येईना, म्हणून गवा पार टेकडीला वळसा घालून पलीकडच्या अंगानं यायचा. पोचेस्तोवर दुपार. रोजचं जाणं आठवड्यावर गेलं, मग महिन्यावर.

एकदा चिमणी सांगत आली, "तुझी आई दोन दिस उठली नाय." ससा निघाला. वळसा घालून जाळीपाशी आला. आई दिसली. तिनं कान उचलले.

"थांब की जरा," ससा म्हणाला.

"थांबलो तर मागचे अंगावर येतील," गवा म्हणाला. "पुढं ओढ्यापाशी उतर."

ओढ्यापाशीबी गव्यांची दाटी. पुन्हा वळसा. या खेपेला आईनं कान अर्धेच उचलले. तिसऱ्या खेपेला उचललेच नाहीत. सशानं डोळे मिटून उडी टाकली. चालायची सवय मोडलेली, तो आडवा पडला, एक खूर कान फाडून गेला. तो सरपटत जाळीत शिरला.

आईनं डोळे उघडले. "कुठं होतास रे? समोरच तर राहतोस."

ससा तिच्या कानातले गोचीड वेचायला लागला.

आई उठून बसल्यावर तो गव्यांपाशी गेला. "बाबांनो, दुसरीकडनं जा की."

म्होरक्या गवा म्हणाला, "आमच्या पाठीवर बसा, असं आम्ही कधी म्हणलं? तुम्ही उतरा, आम्ही आपले कुरणात जातो."

ससा तर आधीच उतरला होता. मग खार उतरली, मग मुंगूस. कोल्हा सगळ्यात शेवटी, इकडंतिकडं बघत. गवे गेले. सशानं वाटेच्या कडेनं करंजाच्या बिया पुरल्या. पण पोरांनो, झाड पाडायला एक सकाळ लागते, सावली यायला वर्षं. आईनं ती वाट एकदाच ओलांडली, उन्हातनं, लेकाच्या अंगाला टेकून. दहा उड्यांना दोघांना अख्खी सकाळ लागली. सशाला तीबी कमीच वाटली.

तात्पर्य : जी वाट म्हाताऱ्या माणसाला पायी ओलांडता येत नाही, ती कितीबी रुंद करा, अपुरीच.