मडकी कोणाच्या नावेत घालता?

करंडा नदीकाठी वेणुपूर नावाचे नगर होते. तिथे अरिंदम राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्वांनी एका कुंभाराच्या घरी जन्म घेतला होता. वाढले, चाक हाती घेतले, चाकावरच म्हातारे झाले. त्यांची निम्मी मडकी नगरात खपत आणि निम्मी नदीपलीकडच्या गावांत जात.

नगराच्या घाटावर रेवत नावाचा घाटप्रमुख होता. उतारूंची मोठी नाव, तिचे चार वल्हेकरी आणि एक सुकाणूवाला, सगळे त्याच्या हाताखाली. त्या वर्षी सुकाणूवाला तापाने गेला आणि नाव घाटाला बांधून पडली. रेवताची एकुलती लेक पद्मा पलीकडच्या गावात दिलेली होती. तिचे दिवस भरत आले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे ही रीत, आणि त्या गावात सुईणही नव्हती. नदी रोज वीतभर चढत होती.

रेवताने दवंडी पिटवली. भर दुपारी, बाजारात. "सुकाणूवाला पाहिजे हो! राजाच्या तळ्यावर परीक्षा आहे हो!"

आता भर दुपारी बाजारात कोण उभा असतो? ज्याला काम नाही तो. ज्यांना नाव चालवता येते ते त्या वेळी पाण्यावर होते, आणि पाण्यावर ढोल ऐकू जात नाही.

तरी तीस जण आले. त्यांत भल्लिक नावाचा एक दांडगा गडी होता. त्याने होडीतून तळ्याला तीन फेऱ्या मारल्या, कपडा भिजू दिला नाही. परीक्षा घेणाऱ्यांनी माना डोलावल्या. तळ्याच्या पाण्याला ओढ नसते हे त्यांच्या ध्यानातच आले नाही, कारण त्यांच्यातला एकही जण कधी गुडघ्यापुढे पाण्यात गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी भल्लिकाने रिकामी नाव नदीत घातली. ती दोनदा गरगर फिरली आणि घाटाच्या पायरीवर येऊन आदळली. नावेची फळी फुटली, भल्लिकाचे दोन दात पडले.

रेवत हताश होऊन कुंभारवाड्यात आला. नदीकाठची सगळी माणसे बोधिसत्त्वांच्या ओळखीची, म्हणून आला.

"कुंभारबाबा, या नगरात माणसंच उरली नाहीत हो."

"माणसं आहेत," बोधिसत्त्व म्हणाले. "तू ढोल बडवतोस आणि जे येतील त्यांतून निवडतोस. जे आलेच नाहीत त्यांचं काय?"

"मग तुमच्या घरातलाच कोणी द्या. मी डोळे मिटून घेतो. वर तुमची मडकी जन्मभर फुकट पलीकडे नेईन."

बोधिसत्त्वांची बायको माती मळत होती. तिने हात थांबवले. "अहो, माझा भाऊ आहे की! नावेत बसायची त्याला सवय आहे."

"बसायची आहे. पण नाव हलली की तो डोळे मिटून देवाचा धावा करतो. सुकाणूवाल्याला डोळे मिटून चालत नाही."

"तुम्हाला माझ्या माहेरचं काही चांगलं दिसायचंच नाही!"

"दिसतं की. समोर माती मळतंय."

बायको हसू दाबून पुन्हा मातीला लागली. बोधिसत्त्व रेवताला म्हणाले, "मला एवढंच विचार, की मी माझी मडकी कोणाच्या नावेत घालतो. नाव नीट चालली नाही तर फुटतं माझं. म्हणून मला ठाऊक असतं. वरच्या डोहापाशी सोमक नावाचा माणूस डोंगा चालवतो. सात वर्षांत त्याच्या डोंग्यात माझी तीन मडकी फुटली, त्यांतली दोन मीच चढवताना फोडली. दूध पलीकडे नेणाऱ्या गवळ्यांना विचार, तेही त्याचंच नाव घेतील."

"मग पद्माला त्याच्याच डोंग्यातून आणतो!"

"त्या एवढ्याशा डोंग्यात, या पाण्यात? मडकं गेलं तर मी दुसरं करीन. तुझी लेक मला घडवता येणार नाही."

रेवत उठला आणि त्याने काय केले, तर सोमकाला बोलवायला दोन भालेवाले धाडले. सोमकाने लांबून भाले पाहिले, डोंगा मधल्या खडकाशी नेऊन बांधला आणि दिवसभर तिथेच बसून राहिला. भालेवाले काठावरून ओरडून घसा बसवून परत आले.

बोधिसत्त्वांना हे कळले तेव्हा ते चिडले नाहीत, पण स्पष्ट बोलले. "रेवता, तुला सुकाणूवाला हवा होता की चोर? गरज तुझी आहे, तर पाय तुझे चालव. आणि नाव फुटकी आहे तर फुटकी म्हणून सांग. गोड बोलून आणलेला माणूस पहिल्याच दिवशी पळतो."

रेवत दोन कोस चिखल तुडवत एकटा गेला. सोमक किडकिडीत माणूस, एक खांदा उतरलेला. समोर बोलणाऱ्याकडे कमी आणि पाण्याकडे जास्त बघायचा. रेवताने काही लपवले नाही.

"फळी फुटली आहे. दोर कुजलेत. राहायला घर आणि वर्षाचं धान्य मिळेल. माझी लेक पलीकडे आहे, तिचे दिवस भरत आलेत."

"फळी मी बसवीन. दोर नवे द्या," सोमक म्हणाला. "एक विचारू, धनी? नाव आज सोडायची की नाही, हे कोण ठरवणार?"

"मी ठरवतो. कधी राजा."

"मग मला नको ही चाकरी."

रेवताला राग आला. इतक्या लांब येऊन हे ऐकायचे! पण फुटलेली फळी त्याने स्वतः पाहिली होती. मग म्हणाला, "बरं. तू ठरव. तू नाही म्हणालास तर राजालाही काठावर बसवीन."

"राजाचं राहू दे. तुम्ही बसाल?"

"बसेन."

तिसऱ्या दिवशी नाव दुरुस्त झाली. त्याच दिवशी पलीकडच्या काठावर कोणीतरी काठीला पांढरे लुगडे बांधून हलवू लागले. पद्माच्या सासरचा तो निरोप होता: वेळ आली, लवकर या.

"सोड नाव!" रेवत ओरडला.

सोमक पाण्याकडे बघत होता. "आत्ता नाही."

"अरे, माझी लेक आहे ती!"

"म्हणूनच म्हणतो, आत्ता नाही."

रेवताचा हात दोरावर होता. चारही वल्हेकरी त्याच्याकडे बघत होते. त्याने हुकूम दिला असता तर नाव सुटली असती. पलीकडे लुगडे हलतच होते. रेवताने दोर सोडला, पायरीवर बसला आणि गुडघ्यांत तोंड घातले.

थोडा वेळ गेला आणि वरच्या वळणावरून मुळासकट उपटलेला एक वड वाहत आला. त्याच्या मागून कोणाच्या तरी गोठ्याचे अख्खे छप्पर. दोन्ही नेमकी नावेच्या वाटेवरून गेली.

"पाणी एकाएकी तांबडं झालं होतं," सोमक म्हणाला. "वर काठ ढासळला म्हटल्यावर झाडं येणारच. चला आता."

नाव आधी काठाकाठाने वर नेली, मग प्रवाहात तिरकी सोडली. दिवस मावळायच्या आत ती परत आली. पद्मा मधोमध गवताच्या गादीवर बसली होती. कळ येऊन गेली तशी बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, रडताय काय? सुईणीला हाक मारा, आणि मला काहीतरी खायला द्या. सासूबाईंनी सकाळपासून नुसत्या पेजेवर ठेवलंय!"

घाटावरचे सगळे हसले. रेवत हसता हसता आणखी रडला. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर पद्माला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

राजाने बोधिसत्त्वांना बोलावले आणि चाकर निवडायचा अधिकार देऊ केला. ते म्हणाले, "महाराज, मला माझं चाक पुरे आहे. ज्याला माणूस हवा असेल, त्यानं त्या माणसाचं काम ज्यांच्या अंगावर पडतं त्यांना जाऊन विचारावं. त्याला माझी गरज नाही." आणि ते घरी गेले.

ही पूर्वजन्मीची हकीकत शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, भिक्षूंना सांगितली आणि मग कोण कोण होते ते उलगडले. तेव्हाचा रेवत म्हणजे आज विहारातली कामे वाटून देणारा भिक्षू यशोनंद. सोमक म्हणजे आजाऱ्यांची सेवा करणारा, फारसे न बोलणारा स्थविर सुमंगल. पद्मा म्हणजे उपासिका नंदवती. तेव्हाचा भल्लिक आज संघातच आहे आणि आता बरा शिकतो आहे. तो कुंभार मात्र दुसरा कोणी नव्हता, मीच होतो, असे शास्ते म्हणाले.

घरचा माणूस पुढे करता येत असताना योग्य माणसाचे नाव घेतले, म्हणून त्या जन्मी बोधिसत्त्वांची सत्यपारमिता, म्हणजे खरे तेच बोलण्याची साधना, पुरी झाली.